मोज्यातल्या सहा बाटल्या

जयपूरला फेब्रुवारीत संध्याकाळी गच्चीवर बसता येतं. मार्च सरला की ते सुख संपतं, म्हणून गेले वर्षभर डोक्यात असलेला कार्यक्रम मी फेब्रुवारीतच उरकून घेतला. सहा बाटल्या रेड वाइन, सहा जाड हिरवे लोकरी मोजे (सरकारी, पण धुतलेले, ही खात्री बायकोने दोनदा करून घेतली) आणि सहा माणसं. मी, बायको, माझा खडकवासल्यापासूनचा कोर्समेट, त्याची बायको, शेजारचे डॉक्टर आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले, मुलाच्या नोकरीमुळे आता जयपुरात राहणारे साताऱ्याकडचे एक सुभेदार मेजर साहेब. माझ्या बायकोने बाटल्यांवर मोजे चढवले. मग कोर्समेटच्या बायकोने त्या आतल्या खोलीत नेऊन क्रम बदलला आणि मोज्यांवर एक ते सहा आकडे लावले. म्हणजे कुठल्या मोज्यात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. अट एकच होती. प्रत्येकाने कागदावर लिहायचं की ही बाटली मी स्वतःच्या पैशाने किती रुपयांपर्यंत घेईन. मार्क नाहीत, तारे नाहीत, फक्त रुपये.

ही अट का, ते सांगतो. वाइनवर लिहिणारे लोक 'गुड व्हॅल्यू' हा शब्द फार सैल वापरतात. युरोपात किंवा अमेरिकेत बसलेला समीक्षक सांगतो की अमुक पोर्तुगीज रेड सात युरोला मिळते, लगेच घ्या. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे. जगात चांगली आणि स्वस्त रेड जिथे बनते, तिथे कारणंही ठरलेली असतात. जमीन स्वस्त, वेली जुन्या आणि द्राक्षाच्या जातीला नाव नाही. स्पेनच्या कोरड्या डोंगराळ भागातली गार्नाचा, फ्रान्समधली कोत द्यु रोन, इटलीची मोंतेपुलचानो द'अब्रुत्सो, अर्जेंटिनाची माल्बेक, चिलीची कार्मेनेर. माल्बेक मूळ फ्रान्सची. १८५३ मध्ये ती अर्जेंटिनात नेली गेली आणि अँडीजच्या पायथ्याला अशी रमली की आज लोक तिला अर्जेंटिनाचीच समजतात. कार्मेनेरची गोष्ट तर त्याहून मजेची. चिलीतले शेतकरी वर्षानुवर्षं तिला मर्लो म्हणून लावत आणि विकत होते. १९९४ मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने पानं बघून सांगितलं की ही मर्लो नव्हेच, ही तुमच्या देशात हरवलेली बोर्डोची जुनी जात आहे. आपल्याकडे घेवड्याच्या बियाण्यात असा घोळ झाला असता तर कृषी केंद्रावर मोर्चा गेला असता.

पण ती सात युरोची बाटली जयपूरच्या दुकानात पोहोचते तेव्हा काय होतं? हिशेब सोपा आहे. मूळ किंमत पाच युरो, म्हणजे साधारण साडेचारशे रुपये धरा. आयात केलेल्या वाइनवरचा सीमाशुल्काचा दर वर्षानुवर्षं दीडशे टक्के. साडेचारशेवर पावणेसातशे चढले, झाले सव्वाअकराशे. त्यानंतर आयात करणाऱ्याचा नफा, घाऊक विक्रेत्याचा नफा, राज्याचं उत्पादन शुल्क, व्हॅट आणि दुकानदार. शिवाय प्रत्येक लेबलची प्रत्येक राज्यात वेगळी नोंदणी करावी लागते आणि तिची वेगळी फी भरावी लागते. एखाद्या छोट्या गावच्या छोट्या वाइनरीची दोनशे पेटी आणून कुणाला हे परवडणार? म्हणून आपल्या दुकानांत परदेशी म्हणून दिसतात ती तीच चार-पाच मोठी नावं, ज्यांच्या लाखो पेट्या जगभर जातात. तिकडे सुपरमार्केटच्या खालच्या फळीवर असणारी बाटली इकडे काचेच्या कपाटात उभी राहते आणि आपण ती लग्नाच्या वाढदिवसाला नेतो.

ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला तेव्हा मला वाटलं होतं, आता फरक पडेल. करार नीट वाचला तर सवलत पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला आहे. तिचं शुल्क दीडशेवरून शंभर टक्के झालं आणि ते दहा वर्षांत पन्नासवर यायचं आहे. पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला त्याहून जास्त सवलत, पहिल्या दिवसापासून पंच्याहत्तर टक्के. पाच डॉलरच्या खालची बाटली होती तिथेच. आपल्या द्राक्ष उत्पादकाचं संरक्षण हा त्यामागचा विचार मला कळतो, माझं आजोळच द्राक्षाचं आहे. पण परिणाम असा की जी वाइन खरोखर पैसे वसूल करून देते तीच बाहेर राहिली.

तेव्हा माझं पहिलं मत लिहून टाकतो: परदेशी समीक्षकांच्या 'स्वस्त आणि मस्त' याद्या भारतात बसून वाचू नयेत. वाचा, पण त्यावरून खरेदी करू नका. इथे किंमत वेगळी आहे, म्हणून निकालही वेगळा लागतो.

मग इथे कशावरून ठरवायचं? मोजा चढवून. हे काही माझं संशोधन नाही. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज दुकानदाराने फ्रेंच परीक्षकांना लेबल झाकून कॅलिफोर्नियाच्या आणि फ्रान्सच्या वाइन चाखायला दिल्या. रेडमध्ये पहिली आली स्टॅग्ज लीप वाइन सेलर्सची १९७३ ची कॅबर्ने, कॅलिफोर्नियाची. बोर्डोची मोठमोठी घराणी मागे पडली. पुढे २००१ मध्ये बोर्डोतच एका संशोधकाने पांढऱ्या वाइनला लाल रंग घालून वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. डोळा जिभेच्या पुढे धावतो. भरतीच्या मैदानावर याची सवय आम्हाला असते. छाती मोजल्याशिवाय, धावायला लावल्याशिवाय पोराबद्दल मत द्यायचं नाही, कितीही उंच दिसला तरी.

आता शब्दांचा प्रश्न. वाइनवर मराठीत लिहायला बसलं की इंग्रजी पुस्तकातली फळं समोर येतात. ब्लॅककरंट, कॅसिस, बॉयझनबेरी. माझ्या पिढीने ब्लॅककरंट पाहिलं ते खोकल्याच्या गोळीच्या वेष्टनावर. न खाल्लेल्या फळाची चव वाइनमध्ये शोधायची आणि सापडली नाही तर आपली जीभ अडाणी समजायची, हा उद्योग कशासाठी? रेड वाइनमध्ये जे मुख्य असतं, ज्याला ते टॅनिन म्हणतात, त्याला आपल्याकडे लखलखीत शब्द आहे: तुरट. सालीतून आणि बियांतून येणारा तोच तुरटपणा जांभळात असतो, कच्च्या केळ्यात, आवळ्यात, सुपारीत असतो. इटालियन भाषेत काय म्हणतात मला ठाऊक नाही, पण इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाला जांभूळ खाऊन जीभ जाड होणं समजावून सांगावं लागतं, मराठी माणसाला नाही. जांभूळ, करवंद, आमसूल, मनुका, काळी मिरी, लवंग, पहिल्या पावसानंतरची माती, गुळाची काकवी. इतक्या शब्दांत शिराझपासून सांजोवेझेपर्यंत बहुतेक सगळं सांगून होतं. मिरी तर केवळ उपमाही नाही. काळ्या मिरीला तिचा वास देणारं रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझच्या द्राक्षातही असतं.

सुभेदार मेजर साहेब त्या संध्याकाळी सगळ्यात चांगले परीक्षक निघाले ते म्हणूनच. वाइन म्हणजे त्यांच्यासाठी मेसच्या डिनर नाइटला टोस्टच्या वेळी डावीकडे सरकत जाणारी पोर्ट, किंवा सुट्टीत गोव्याहून येणारी ती गोड लाल बाटली, तीही पोर्टच म्हणवणारी. त्यांना काही सिद्ध करायचं नव्हतं. चार नंबरचा मोजा त्यांनी पुन्हा मागून घेतला आणि म्हणाले, "साहेब, ही जांभूळ मीठ लावून खाल्ल्यासारखी लागतीय. हिचं आठशे देईन. पाच नंबरला ढोबळी मिरची कापल्याचा वास हाय, पण वाईट न्हाई. ही दोन नंबरची मात्र टायर जळल्यागत येतीय, हिचं दोनशे बी न्हाई."

तिन्ही निरीक्षणं अचूक होती. ढोबळी मिरचीचा वास हीच तर कार्मेनेरची ओळख. पाच नंबरच्या मोज्यात चिली होती. सहा जणांच्या रुपयांची बेरीज केली तेव्हा तीच पहिली आली. चार नंबर दुसरी. मी कागदावर छातीठोकपणे 'ऑस्ट्रेलिया' लिहिलं होतं. मोजा काढला तर नाशिकची शिराझ, सुलाची. ऑस्ट्रेलिया होती तीन नंबरला, आणि तिला मी 'बहुधा आपलीच' असं लिहून दोनशे रुपये कमी दिले होते. कोर्समेटने तो कागद जपून ठेवला आहे, बढतीच्या वेळी उपयोगी पडेल म्हणतो.

सहा नंबरला होती सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची सांजोवेझे, फ्रातेल्लीची. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ. दिल्लीचे सेखरी बंधू, इटलीचे सेच्ची बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशी ती मंडळी, आणि वाइन करणारे पिएरो मासी टस्कनीचे. ऊस आणि डाळिंबाच्या मुलखात टस्कनीचं द्राक्ष ही कल्पनाच कुणाला सुचावी याचं मला अजून नवल वाटतं. ती आली तिसरी. आंबटपणा जरा पुढे, आमसुलासारखा, त्यामुळे नुसती पिताना दोघांनी नाक मुरडलं. पण जेवताना सगळ्यात आधी रिकामी झालेली बाटली तीच.

आणि एक नंबर? ती सगळ्यात महाग होती. बोर्डोची, एका वरिष्ठांनी परदेश दौऱ्याहून आणून दिलेली, मी 'खास प्रसंगासाठी' राखून ठेवलेली. ती पाचवी आली. चव उकडलेल्या मनुकांची, वर थोडा व्हिनेगरचा झटका. लेबल दिसत असतं तर आम्ही सहाच्या सहा जणांनी माना डोलावल्या असत्या. दोष बोर्डोचा नाही, माझा. ती बाटली मी काळ्या ट्रंकेत घालून दोन उन्हाळे जयपूरच्या सामानाच्या खोलीत ठेवली होती.

यावर थोडं थांबतो, कारण पोस्टिंगवर असलेल्यांना आणि मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांना याचा उपयोग आहे. भारतात वाइन बिघडते ती वाइनरीत जितकी, तितकीच ट्रकमध्ये, गोदामात आणि आपल्या घरात. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी असलेली पेटी आठवड्यात काम तमाम करते. म्हणून माझी खरेदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि ज्या दुकानात एसी खरोखर चालू असतो तिथूनच. (राजस्थानात दारूची दुकानं संध्याकाळी आठला बंद होतात. ऑफिसहून निघून ते गाठणं हा वेगळाच रूट मार्च आहे.) काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवलेली बाटली कितीही सवलतीत असो, घेऊ नका. कॉर्क वर आलेलं दिसलं, कडेने ओघळ दिसला, तर परत ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर ते हलकं समजू नका. आपल्या हवेत रोजच्या वाइनला तेच बरं. घरात वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर साध्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी ठेवा. उन्हाळ्यात ती ट्रंकेपेक्षा तिथे हजारपट सुरक्षित.

आणि तो 'रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी' हा नियम. ज्या खोलीबद्दल तो लिहिला गेला ती युरोपातली दगडी भिंतींची, सोळा-अठरा अंशांची खोली होती. आमची मे महिन्यातली खोली कूलर लावूनही तीसच्या वर. तीस अंशाला कुठलीही रेड वाइन नुसती अल्कोहोलची वाफ सोडते, गरम काढ्यासारखी लागते. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, मगच ओता. या एका गोष्टीने हजार रुपयांच्या आतल्या कुठल्याही बाटलीची किंमत दोनशे रुपयांनी वाढते, असं मी कुठल्याही शर्तीवर म्हणायला तयार आहे. उरलेली बाटली झाकण लावून पुन्हा फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवस काही होत नाही.

जेवणाचंही तसंच. पुस्तकं सांगतात, तांबड्या मांसाबरोबर जोरकस, तुरट रेड. इथे जयपुरात तांबडं मांस म्हणजे लाल मांस, मथानियाच्या मिरचीचं. त्यावर तुरट, चौदा टक्क्यांची कॅबर्ने घेऊन बघा. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात आणि तुरटपणा वर तेल ओततो. सावजी रस्सा किंवा कोल्हापूरचा तांबडा यांनाही हेच लागू. तिखटाला हवी कमी तुरट, फळाचा गोडवा असलेली, थंड केलेली रेड. गार्नाचा जातीची किंवा हलकी शिराझ. ती जड कॅबर्ने ठेवा पांढऱ्या रश्शाला, शेकलेल्या मटणाला. भरल्या वांग्याबरोबर आमची अकलूजची बाटली संपली हे वर सांगितलंच. शेंगदाण्याचं कूट, चिंच, गूळ आणि सांजोवेझेचा आंबटपणा यांचं असं जमलं की डॉक्टरसाहेबांनी, जे पक्के मारवाडी शाकाहारी आहेत, वांग्याची कृती लिहून घेतली.

राहिली दोन नंबरची बाटली. टायर जळल्यागत लागणारी, शेवटची. तीही नाशिक जिल्ह्यातली होती, आणि मोजा काढल्यावर मागच्या लेबलवर जो तालुका वाचला तो माझ्या आजोळचा. नाव लिहीत नाही. एका बाटलीवरून एका वाइनरीचं नाव घेणं बरोबर नाही, आणि ती बाटलीही कुणाच्या तरी पत्र्याखाली तापली असेल.

पण त्या चवीचं एक कारण मला मामांच्या मळ्यात कळलं आहे, म्हणून ते लिहितो. नाशिकला द्राक्षवेल झोपत नाही. युरोपात हिवाळा वेलीला झोपवतो, आपल्याकडे ते काम कात्रीने करावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि पीक एकच, जानेवारी ते मार्च. हिवाळ्यातल्या थंड रात्री आणि कोरडे दिवस हे नाशिकचं भांडवल. १९९७ च्या सुमारास राजीव सामंतांनी गंगापूर धरणाजवळ वाइनची द्राक्षं लावली ती याच भरवशावर. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, नारायणगावला शामराव चौगुल्यांनी फसफसणारी वाइन करून परदेशी पाठवली होती. आणि तिकडे बंगळुरूजवळ नंदी हिल्सला कंवल ग्रोव्हर यांनी बोर्डोच्या मिशेल रोलाँ यांना सल्लागार म्हणून आणलं होतं. म्हणजे चांगली वाइन इथे होऊ शकते की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. पण मार्चचं ऊन लागलं की द्राक्षात साखर झपाट्याने चढते आणि साल, बी मागे राहतात. साखर पिकलेली, तुरटपणा कच्चा. अशा घडांवर वेलीला जास्त माल धरायला लावला तर सगळंच पातळ होतं. मग ते झाकायला लाकडाचा वास वाढवतात. आपल्या अनेक रेडमध्ये जो जळका वास येतो त्यात या सगळ्याचा वाटा असतो.

माल कमी धरायला शेतकरी तयार का होत नाही? कारण पैसे वजनावर मिळतात. मामांनी २००१ च्या राज्य सरकारच्या द्राक्ष-प्रक्रिया धोरणानंतर दोन एकरांत वाइनची काळी द्राक्षं लावली. करार लिहून झाला. पहिली काही वर्षं बरी गेली. मग २००८ नंतरची मंदी आली आणि एका हंगामात करार करणाऱ्यांनी माल उचललाच नाही. वाइनचं द्राक्ष बाजारात कुणी घेत नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. थॉमसन असती तर निफाडला नाही तर पिंपळगावला, पडेल त्या भावाला गेली असती. मामांनी तो माल रानात टाकला आणि पावसाळ्याआधी वेली मुळासकट काढल्या. त्या वर्षी मी सुट्टीवर होतो. खड्ड्यांची ओळ मी पाहिली आहे. आजूबाजूला असे बरेच होते.

हे सांगतो ते रडगाणं म्हणून नाही. गुणवत्तेवर, म्हणजे साखरेच्या आणि आम्लाच्या मोजणीवर, कमी मालाला जास्त भाव आणि वेळेवर पैसे, इतकं ज्या वाइनरीने पाळलं तिची बाटली मोज्यातही ओळखू येते. आणि आपण पिणाऱ्यांनी देशप्रेमापोटी दोन नंबरला आठशे रुपये दिले, तर त्या कारखान्याला द्राक्ष सुधारायचं कारणच उरत नाही. पहिली बाटली माणूस अभिमानाने घेतो, दुसरी चवीने घेतो. शेतकऱ्याचं पोट दुसऱ्या बाटलीवर चालतं. म्हणून नाशिकची वाइन वाईट असेल तेव्हा वाईट म्हणणं हे मी आजोळाचं देणं समजतो. तितकंच कर्तव्य उलट बाजूनेही: चांगली शिराझ समोर आली तर 'इंडियन आहे का, मग नको' असं म्हणून हात आखडायचा नाही. आमच्या मेसमध्ये, क्लबमध्ये, लग्नाच्या पार्ट्यांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि बहुतेक वेळा ते म्हणणाऱ्याच्या हातात ऑस्ट्रेलियाच्या सुपरमार्केटमधली सगळ्यात खालच्या फळीवरची बाटली असते.

माजी सैनिक मित्रांसाठी एक वेगळी गोष्ट. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य खूप गाजलं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, शेतकऱ्याच्या भल्याची भाषा झाली. शेतकऱ्याच्या बाजूने मीही आहे, पण ते वाक्य खोटं आहे. गणित करून बघा. साडेसातशे मिलीची बाटली, साडेतेरा टक्के. म्हणजे सुमारे शंभर मिली शुद्ध अल्कोहोल. रम ४२.८ टक्के, साठ मिलीचा लार्ज म्हणजे पंचवीस-सव्वीस मिली. एक बाटली वाइन बरोबर रमचे चार लार्ज. माझ्या ओळखीचे एक निवृत्त कर्नल, डॉक्टरांनी रम बंद करायला सांगितल्यावर 'हृदयाला चांगली' म्हणून रोज एकट्याने एक बाटली रेड वाइन संपवत होते. दोन वर्षांनी लिव्हरचे रिपोर्ट घेऊन बसले तेव्हा त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. हृदयाची ती गोष्ट १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने जगभर केली, फ्रेंच लोक लोणी खातात तरी हृदयविकार कमी, कारण रेड वाइन. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये साफ सांगितलं की दारूचं सुरक्षित प्रमाण असं काही नाही. वाइन चवीसाठी प्या, जेवणाबरोबर, चार जणांत एक बाटली. औषध म्हणून नको. आणि आज पीत नसाल तर हा लेख वाचून सुरू करू नका, करमणूक म्हणून वाचा.

आता कुणी विचारेल, यादी कुठे आहे? यादी लहान आहे. हजाराच्या आसपास पैसे असतील तर आधी नाशिकची चांगली शिराझ आणि अकलूजची सांजोवेझे, याच वर्षाच्या किंवा गेल्या वर्षाच्या हंगामाची. आपली रोजची रेड ठेवून पिकत नाही, जुनी असली तर दुकानात तापलेली असते. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह थोडी वरच्या भावाची, पण शेकलेल्या मटणाला मी तिच्यापुढे त्याच किमतीची कुठलीही आयात बाटली ठेवणार नाही. परदेशीच हवी असेल तर चिली, कारण तिच्यावर तिप्पट कर बसूनही खाली थोडी वाइन शिल्लक राहते. फ्रान्सचं नाव बघून हजार-दीड हजाराची बोर्डो घेऊ नका. त्या पैशात तुम्ही फक्त नाव आणि शुल्क विकत घेता. परदेशातून येताना ड्यूटी-फ्रीची सवलत असते, ती दोन लिटरची, तिथे मात्र गार्नाचा, कोत द्यु रोन, पोर्तुगालच्या दोउरोची रेड जरूर उचला. आणि आणली की ट्रंकेत ठेवू नका.

मामांना त्या रात्रीच फोन केला. ते माळकरी, थेंबही घेत नाहीत. दोन एकर वाइनची द्राक्षं लावली तेव्हाही घेतली नाही. निकाल सांगितला, त्यांच्या बाजूची एक दुसरी आली, एक शेवटची.

"शेवटची कुणाची?"

मी नाव सांगितलं. पलीकडे जरा वेळ काही नाही. मग म्हणाले, "फेब्रुवारीच्या शेवटाला तोडतात ते. पंधरा दिवस आधी तोडायला पाहिजे त्या बागा. त्यांना कळवलंस का?"

कळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाटलीवरच्या पत्त्यावर पत्र लिहिलं, बॅच नंबरसकट, मामांची तोडणीची सूचना त्यांचं नाव न घालता. अजून उत्तर नाही. पुढची फेरी नोव्हेंबरमध्ये आहे, आठ मोजे. सुभेदार मेजर साहेबांची एकच मागणी आहे की एका मोज्यात गुपचूप रम असावी, म्हणजे साहेब लोक खरंच चाखतात की नुसतं लिहितात ते कळेल.